मुष्टियुद्धाचे पहिले धडे

मुष्टियुद्धाचें नांव काढतांच पालकांच्या कपाळास आठ्या पडतात आणि मुलांचे डोळे चमकूं लागतात. गंमत अशी कीं, दोघांचीही समजूत एकच असते : मुष्टियुद्ध म्हणजे नियम लावलेली मारामारी. ही समजूत खरी असती तर शाळेच्या वार्षिकांत या विषयास जागा देण्याचें कारण नव्हतें. वस्तुतः जो कोणी हा खेळ योग्य गुरूपाशीं शिकावयास जातो, त्याला पहिले कित्येक आठवडे कोणावर हात उगारूं दिला जात नाहीं. पाय कसा टाकावा, मूठ कशी मिटावी, हनुवटी कशी लपवावी, एवढेंच तो शिकत असतो. हा क्रम जेथें उलटा होतो, म्हणजे पहिल्याच दिवशीं हातमोजे चढवून दोन मुलांना समोरासमोर उभें केलें जातें, तेथें आपल्या मुलास पाठवूं नये, हें मी आरंभींच सांगून ठेवतों.

मुठींनीं लढण्याची विद्या आपल्या देशास नवीन नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत मल्लांचा आहार, व्यायाम व झुंजी यांचें वर्णन आलें आहे. बडोदें, म्हैसूर अशा संस्थानांच्या आश्रयानें राहणारे ज्येष्ठीमल्ल बोटांत शिंगाचें वज्र अडकवून 'वज्रमुष्टि' नांवाची झुंज खेळत; म्हैसूरच्या दसऱ्यांत ती आजही होते आणि रक्त दिसतांच थांबविली जाते. परंतु आज आपण ज्यास मुष्टियुद्ध म्हणतों तें इंग्लंडांतून आलें. तेथें पूर्वीं उघड्या मुठींनींच लढत. १७४३ सालीं जॅक ब्रॉटन यानें पहिले लेखी नियम केले : पडलेल्यास मारूं नये, कमरेखालीं कोणास धरूं नये. सरावासाठीं कापूस भरलेले मोजे घालण्याची चालही त्यानेंच पाडली. पुढें १८६७ सालीं मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी याच्या नांवानें नवे नियम प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांति, पडलेल्यास उठण्यासाठीं दहा सेकंदांची मुदत आणि हातमोज्यांची सक्ती हें सर्व त्यांतलें.

इंग्रजी पलटणींबरोबर हा खेळ आपल्याकडील छावण्यांत आला. नाशिकजवळची देवळाली ही अशीच एक जुनी छावणी. सैन्याचें आणि मुष्टियुद्धाचें नातें अद्यापही तुटलेलें नाहीं. सांगली जिल्ह्यांतले मुरलीकांत पेटकर हे सैन्यांतील मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले आणि मुष्टियुद्ध सुटलें. त्यांनीं पोहण्यास आरंभ केला आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली. पुण्यास २००१ सालीं सैन्यानें आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट स्थापन केली असून तेथें मुष्टियुद्धाचें पद्धतशीर शिक्षण मिळतें.

मुलींनीं येथें पान उलटूं नये. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या मुष्टियुद्धास प्रथमच स्थान मिळालें व त्याच वर्षीं मणिपूरच्या मेरी कोमनें कांस्यपदक आणलें. २०२१ सालीं टोकियो येथें आसामच्या लव्हलिना बोर्गोहाइननेंही कांस्यपदक मिळविलें. पुढें जें सांगावयाचें आहे तें मुलांस व मुलींस सारखेंच लागू आहे.

आतां पालकांची शंका. ती खरी आहे आणि ती हंसण्यावारीं नेणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फुटबॉलमध्यें डोक्यास मार लागतो तो बहुधा अपघातानें. मुष्टियुद्धांत डोकें हें लक्ष्यच असतें. १९२८ सालीं अमेरिकेंतील डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनीं जुन्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीविषयीं व मंदावलेल्या बुद्धीविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षें डोक्यावर ठोसे बसल्यानें मेंदूस कायमची इजा होते, ही गोष्ट तेव्हांपासून वैद्यकाच्या नजरेसमोर आहे. २०११ सालीं तर अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं, मुलांनीं व कुमारांनीं हा खेळ खेळूं नये, असें संयुक्तपणें जाहीर केलें.

"पण हातमोजे असतात, शिरस्त्राण असतें!" असें विद्यार्थी म्हणतील. हातमोजा मारणाऱ्याच्या हाडांचें आणि मार खाणाऱ्याच्या कातडीचें रक्षण करतो. शिरस्त्राणानें भुंवई फाटत नाहीं, कान सुजत नाहीं. परंतु मेंदू हा कवटींत, मडक्यांत दहीं असावें तसा असतो. मडक्यास बाहेरून कितीही फडकीं गुंडाळलीं तरी हिसका बसल्यावर आंतलें दहीं हलावयाचें राहत नाहीं. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, शालेय वयांत मुष्टियुद्धाचा व्यायाम, पदन्यास, पिशवीवरील सराव, गुरूनें हातांत धरलेल्या गादीवरचा सराव हें सर्व अवश्य करावें. डोक्यावर ठोसा देणें आणि घेणें मात्र करूं नये. पुढें प्रौढपणीं ज्यास स्पर्धेंत उतरावयाचें असेल, त्यानें सर्व जाणून व वैद्यकीय तपासणी करून उतरावें.

प्रतिस्पर्ध्यावांचून युद्धाचा सराव हें कांहींना हास्यास्पद वाटेल. त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील एक आख्यायिका आठवावी. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत निजामाकडील अली व गुलाब या नांवाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनीं पेशव्यांच्या मल्लांस आव्हान दिलें. तें बाळंभटदादा देवधर या तरुणानें स्वीकारलें आणि तयारीसाठीं तो वणीच्या सप्तशृंगगडावर येऊन राहिला. तेथें देवीच्या कृपेनें साक्षात् मारुतीनें त्याला लांकडी खांबावर डावपेंच शिकविले, पुण्यास परतून त्यानें गुलाबास चीत केलें आणि तेव्हांपासून मल्लखांबाचा प्रसार झाला, असें सांगतात. यांतील अद्भुत भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडूं. मल्लखांब म्हणजे न मारणारा व न दुखावणारा प्रतिमल्ल होय, आणि त्याच्याशीं झटून मोठमोठे मल्ल तयार झाले, एवढें तर आपण आपल्या तालमींतून पाहतोंच. मुष्टियोद्ध्याची टांगलेली पिशवी हा त्याचा मल्लखांबच आहे.

या पिशवीविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों. बाजारांत चामड्याची पिशवी महाग मिळते. घरीं जाड गोणपाटाची करतां येते. परंतु तींत नुसती वाळू भरूं नये. वाळू चार दिवसांत तळाशीं बसते व पिशवीचा खालचा भाग दगडासारखा होतो. त्यावर ठोसा मारणाऱ्याचें मनगट मुरगळतें. जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भराव्या, आणि पिशवी भक्कम तुळईस अशी टांगावी कीं तिचा मध्य आपल्या छातीसमोर येईल.

आतां मूठ. मनगटासह हाताच्या पंजांत २७ लहान लहान हाडें आहेत. लेखणी धरावी, सुईंत दोरा ओंवावा, एवढ्यासाठीं तीं घडलेलीं. त्यांचा हातोडा करावयाचा तर कांहीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. चारी बोटें मुळापासून घट्ट दुमडावीं. अंगठा बोटांच्या आंत कोंडूं नये. तो बाहेरून तर्जनी व मध्यमा यांच्या मधल्या पेरांवर आडवा ठेवावा. ठोसा बसावा तो तर्जनी व मध्यमा यांच्या मुळाशीं असलेल्या दोन टेंगळांवर. मनगट वर, खालीं अथवा बाजूस न वांकवितां मूठ व कोपर एका रेषेंत ठेवावीं. करंगळीच्या बाजूनें ठोसा मारल्यास त्या बोटाच्या मुळाशीं असलेलें तळहाताचें हाड मोडतें. या मोडण्यास वैद्यकांत मुष्टियोद्ध्याचेंच नांव मिळालें आहे, परंतु ज्यानें ही कला नीट शिकली त्याला तें क्वचितच होतें. रागाच्या भरांत भिंतीवर किंवा कपाटावर मूठ आपटणारे तरुण हेच त्याचे नेहमींचे धनी!

हातमोज्याच्या आंत सुती पट्टी गुंडाळावी लागते. ती सुमारें ५ सेंटिमीटर रुंद असावी. लांबी लहान हातास अडीच-तीन मीटर आणि प्रौढाच्या हातास साडेचार मीटर पुरते. बोटें पूर्ण फांकवून आरंभ करावा. पट्टीचा फांस अंगठ्यांत अडकवून मनगटाभोंवतीं तीन वेढे द्यावे, मग बोटांच्या मुळांवरून तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक, अंगठ्याभोंवतीं एक, आणि उरलेली पट्टी पुन्हां मनगटावर संपवावी. मूठ मिटल्यावर पट्टी ताणली जाते. म्हणून बोटें फांकवून गुंडाळल्यास ती नेमकी बसते, आणि मूठ मिटून गुंडाळल्यास सैल राहते. नखें निळसर दिसूं लागलीं किंवा बोटांस मुंग्या आल्या तर पट्टी लगेच सोडून पुन्हां बांधावी. हे वेढे घालण्यास पांच-सात मिनिटें लागतात व मुलांना नेमका त्याचाच कंटाळा येतो. ज्यास पट्टी बांधावयाचा कंटाळा आहे, त्यानें पिशवीकडे फिरकूं नये. पट्टी प्रत्येक वेळीं धुवावी. मोजे उघडे करून वाऱ्यावर वाळवावे. ओल्या मोज्यांत हात घालण्यानें कातडीचे रोग होतात आणि ते एकाचे दुसऱ्यास लागतात.

हातमोज्यांचें वजन औंसांत सांगतात. एक औंस म्हणजे सुमारें २८ ग्रॅम. पिशवीवर मारतांना पातळ मोज्यापेक्षां जाड मोजा केव्हांही बरा. मोठेपणीं जोडीदाराबरोबर सराव करतांना तर १६ औंसांचेच मोजे वापरतात, कारण तेथें मारणें हा हेतूच नसतो.

पवित्रा हा या खेळाचा पाया. ज्यानें लाठी किंवा दांडपट्टा खेळून पाहिला आहे, त्यास हें पटकन् उमजेल. उजव्या हाताच्या मुलानें डावा पाय पुढें ठेवावा, डावऱ्यानें उजवा. दोन पावलांत खांद्यांइतकें अंतर असावें, आणि तीं एकाच रेषेंत नसावीं, नाहींतर बाजूचा हलकासा धक्काही तोल घालवितो. मागची टांच किंचित् उचललेली, गुडघे थोडे सैल, अंग तिरपें. हनुवटी छातीकडे झुकलेली, दोन्हीं मुठी गालांजवळ, कोपरें बरगड्यांस लागून. प्रथम प्रथम हा पवित्रा अवघड वाटतो, खांदे दुखतात आणि हात आपोआप खालीं येतात. ते पुन्हां वर न्यावे, एवढाच त्यावर उपाय.

पाऊल टाकण्याचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो, पण पचनीं पडावयास महिने लागतात : ज्या दिशेस जावयाचें, त्या दिशेचा पाय प्रथम हलवावा आणि दुसरा तितकाच मागून न्यावा. पुढें जावयाचें तर पुढचा, मागें यावयाचें तर मागचा, डावीकडे जावयाचें तर डावा. पाय एकमेकांवरून ओलांडूं नयेत. ओलांडलेल्या पायांवर उभा असलेला योद्धा पाटावर ठेवलेल्या भोंवऱ्यासारखा असतो. जमिनीवर खडूनें रेषा आखून हा सराव करावा. आपल्या खो-खो खेळणाऱ्या मुलांस येथें मोठा फायदा मिळतो, कारण धांवतां धांवतां अंगाची दिशा बदलणें त्यांच्या पायांस ठाऊक असतें. ज्यांस नाहीं त्यांनीं दोरीवरच्या उड्या मारण्यास लागावें. दोन मिनिटें उड्या व एक मिनिट विश्रांति, अशा तीन फेऱ्यांपासून आरंभ करावा. उडी जमिनीपासून चार बोटांहून अधिक उंच नको. उंच उडणारा लवकर थकतो.

ठोसे चार प्रकारचे, आणि त्यांविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. पुढच्या हाताचा सरळ ठोसा तो जॅब, मागच्या हाताचा सरळ ठोसा तो क्रॉस, कोपर वांकवून बाजूनें येणारा तो हुक, आणि खालून वर जाणारा तो अपरकट. पहिल्या तीन महिन्यांत जॅब व क्रॉस एवढेच घोटावे. ठोसा हातानें मारला जातो, असें पाहणारास वाटतें. तो मारला जातो पायानें. मागची टांच वळते, त्याबरोबर कंबर वळते, कंबरेबरोबर खांदा, आणि हात केवळ शेवटचा निरोप पोंचवितो. ज्याचा पाय हलत नाहीं, त्याचा ठोसा कितीही आवेशाचा असला तरी पोकळ असतो. ठोसा सुटतांना नाकावाटे श्वास झटकन् सोडावा. श्वास कोंडून मारणारा एका मिनिटांत धापा टाकूं लागतो. आणि हात ज्या वाटेनें गेला त्याच वाटेनें परत गालापाशीं आला पाहिजे. हात परत आणणें हा ठोशाचाच अर्धा भाग आहे. तो विसरणाऱ्याचें तोंड उघडें पडतें.

बचावाचेंही तसेंच. मागें सरणें, बाजूस झुकणें, तळहातानें ठोसा बाजूस सारणें, कोपरानें अडविणें हे चार मार्ग गुरूनें फडकें गुंडाळलेली काठी सावकाश पुढें करून शिकवावे. डोळे मिटून घेणें हा मनुष्याचा स्वभाव आहे. हलक्या चेंडूंची फेंकाफेंक करून ही संवय मोडतां येते. येथें कोणाच्या डोक्यास धक्का लागण्याचें कारणच नाहीं.

आठवड्यांतून तीन दिवस, मध्यें एकेक दिवस सोडून, पाऊण तासाचा सराव नवशिक्यास पुरे आहे. नाशिकची थंडी आपणांस परिचित आहे. पौषांतल्या पहांटे अंग आंखडलेलें असतें. अशा वेळीं दहा-पंधरा मिनिटें सावकाश धांवून, सांधे मोकळे करून मगच मूठ आवळावी. जोर व बैठका या आपल्या जुन्या मित्रांस रजा देऊं नये. जोरांनीं खांदे व छाती, बैठकांनीं मांड्या तयार होतात आणि ठोशास हीं दोन्हीं लागतात. मानेचे व पोटाचे व्यायाम यांस जोडून घ्यावे. आरशासमोर उभें राहून काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशीं खेळणें, म्हणजे छायायुद्ध, हा शेवटचा धडा. आरसा कधीं खोटें बोलत नाहीं. हात खालीं आला कीं तो लगेच दाखवितो.

आहाराविषयीं थोडक्यांत. मुष्टियुद्धाच्या स्पर्धा वजनाच्या गटांप्रमाणें होतात, आणि त्यामुळें खालच्या गटांत बसण्यासाठीं उपाशी राहणें, पाणी न पिणें, अंगांत जाड कपडे घालून घाम काढणें अशा वेड्या कल्पना मुलांच्या कानीं येतात. वाढत्या वयांत हें सर्वथा वर्ज्य समजावें. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, दूध, भाजीपाला, शेंगदाणे, घरांत चालत असल्यास अंडीं, आणि सरावापूर्वीं, मध्यें व नंतर पाणी, याहून वेगळ्या खुराकाची गरज नाहीं. जेवणानंतर निदान दोन तासांनीं सराव करावा.

आतां दुखापती. कोणासही डोक्यावर मारावयाचें नाहीं हा नियम पाळला तरी मुरगळणें, खरचटणें, पाय अडखळून पडणें, एकमेकांवर आदळणें हें चालावयाचेंच.

मनगट किंवा बोट मुरगळल्यास सराव थांबवावा, बर्फ फडक्यांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटें धरावा, पट्टीनें हलकेंच बांधावें व हात उंच ठेवावा. आपल्याकडे मुरगळल्याबरोबर तेल लावून चोळण्याची मोठी हौस. पहिले दोन दिवस चोळणें व शेकणें दोन्हीं टाळावें. त्यानें सूज वाढते. हाड वांकडें दिसत असेल, मूठ मिटतां येत नसेल, किंवा मूठ मिटल्यावर एखादें बोट दुसऱ्यावर चढत असेल तर हाडवैद्याकडे न जातां इस्पितळांत जाऊन क्ष-किरणांनीं चित्र काढून घ्यावें. चुकीचें बसलेलें हाड पुढें लेखणी धरतांना आयुष्यभर त्रास देतें.

नाकांतून रक्त आलें कीं मान मागें टाकून डोक्यावर पाणी ओतण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती सोडून द्यावी; मान मागें केल्यानें रक्त घशांत जातें व ओकारी होते. मुलास बसवावें, मान किंचित् पुढें झुकवावी, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटींत धरून दहा ते पंधरा मिनिटें सोडूं नये, आणि तोंडानें श्वास घ्यावयास सांगावें. मधून मधून सोडून पाहण्याचा मोह आवरावा. वीस मिनिटांनींही रक्त थांबलें नाहीं अथवा नाक वांकडें झालें, तर डॉक्टरांकडे न्यावें. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरणें हा पहिला उपचार. हळद, चुना, कॉफीची पूड वगैरे कांहींएक भरूं नये.

पडलेला कायमचा दांत पुष्कळदां पुन्हां बसवितां येतो, हें फार थोड्यांस माहीत आहे. तो मुळाकडे न धरतां वरच्या भागास धरावा, माती लागली असल्यास दुधानें क्षणभर धुवावा, घांसूं नये; शक्य तर त्याच जागीं बसवावा, नाहींतर दुधांत घालून तासाच्या आंत दंतवैद्य गांठावा. दुधाचे दांत मात्र परत बसवूं नयेत. डोळ्यास लागल्यावर एकाचे दोन दिसणें, प्रकाशाच्या ठिणग्या दिसणें किंवा दृष्टीसमोर पडदा येणें हीं लक्षणें दिसल्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावें.

डोक्याच्या दुखापतीसंबंधीं मात्र सावकाश सांगितलें पाहिजे. ती ठोशानेंच होते असें नाहीं. पाय घसरून फरशीवर आपटल्यानें, दोघांचीं डोकीं एकमेकांवर आदळल्यानेंही होते. शुद्ध हरपली तरच मेंदूस धक्का बसला ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदां मूल उभें असतें, बोलतही असतें. डोकें दुखणें, चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढें अंधारी, उजेड सहन न होणें, बावचळल्यासारखें पाहणें, तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारणें, नुकतेंच काय झालें तें न आठवणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें कीं त्या दिवसाचा खेळ संपला. "पांच मिनिटें बसतो आणि येतो," हें ऐकूं नये. पहिला धक्का ओसरण्यापूर्वीं दुसरा बसल्यास क्वचित् प्रसंगीं मेंदू सुजून जीवावर बेततें, आणि हें विशेषेंकरून तरुण वयांतच आढळलें आहे.

शुद्ध हरपणें, वारंवार ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोलणें अडखळणें, हातपाय बधिर होणें, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसणें, कानांतून वा नाकांतून पाण्यासारखा द्रव येणें, उठवूनही जागें न होणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास वाहन मिळेल त्यानें इस्पितळ गांठावें. मानेंत वेदना असल्यास मुलास हलवूं नये व मदत येईपर्यंत डोकें आणि मान स्थिर धरावीं. सौम्य धक्का असला तरी पहिला एक दिवस मुलास एकटें ठेवूं नये. झोंपूं देण्यास हरकत नाहीं, परंतु मधून मधून पाहावें. आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नयेत. एक-दोन दिवस शांतपणें काढल्यावर हळूहळू चालणें-फिरणें, मग अभ्यास व शाळा, मग हलका व्यायाम, अशा पायऱ्या चढाव्या. प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस काढावा, आणि लक्षण परत आलें तर एक पायरी खालीं यावें. प्रौढांच्या हौशी स्पर्धांतही डोक्यावरील ठोशानें बाद झालेल्यास निदान ३० दिवस रिंगणांत येऊं देत नाहींत. मुलांच्या बाबतींत डॉक्टरांच्या लेखी परवानगीवांचून सराव पुन्हां सुरू करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, यांत खरी अडचण तुमच्याकडूनच येते. संघांतून नांव जाईल, सोबती भित्रा म्हणतील, घरीं कळल्यास सराव बंद होईल, या भीतीनें मुलगा डोकेदुखी गिळून टाकतो. शिक्षकास तो तासभर दिसतो. रात्रीं जेवतांना, अभ्यासाच्या वेळीं, झोंपेंत तो कसा आहे हें घरच्यांसच दिसतें. यासाठीं ज्या दिवशीं मुलाला डोक्यास काय पण खांद्यासही लागलें असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशीं पालकांनीं शिक्षकांस चार ओळींची चिठ्ठी पाठवावी. केव्हां व कसें लागलें, रात्रीं जेवण व झोंप कशी झाली, सकाळीं डोकें दुखत होतें कीं नाहीं, एवढें तींत असावें. आणि मुलानें सांगितलेलें न लिहितां आई-वडिलांनीं स्वतः पाहिलेलें लिहावें. शिक्षकांनीं त्या चिठ्ठ्या वर्षभर जपून ठेवाव्या, कारण एकाच मुलास दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लागत असेल तर तें त्यांवरूनच उमगतें. चिठ्ठी येईपर्यंत मुलानें कडेस बसून इतरांच्या फेऱ्यांची वेळ मोजावी.